डावीकडचा चार्जर

सोमवार, ४ तारीख
नोकरीचा पहिला दिवस, आणि मी भलतीच खूश आहे. ऑफिस एका ड्रायक्लीनरच्या वरच्या मजल्यावर, त्यामुळे दिवसभर इस्त्रीच्या वाफेचा वास. आम्ही चौघंच: साहेब, प्रोग्रामर, चित्रं काढणारी ताई आणि मी. टॅब्लेटवरचे खेळ अ‍ॅप स्टोअरच्या मंजुरीला पाठवण्याआधी तपासायचे आणि मंजुरीवाल्यांनी काढलेल्या खुसपटांना उत्तरं द्यायची, हे माझं काम. आईच्या मते खुसपटं काढण्यात मी लहानपणापासून तरबेज आहे, त्यामुळे जागा माझ्यासाठीच रिकामी होती. सध्याचा खेळ गोड आहे. समोरची भिंत नसलेलं एक घर, माळ्यापासून स्वयंपाकघरापर्यंत एकेक खोली सजवत जायचं.

बुधवार, ६
खेळ परत आला. हरकत अशी: टॅब्लेट आडवा धरून चार्जरचं भोक उजवीकडे ठेवलं तर सगळं ठीक, डावीकडे ठेवलं की घर डोक्यावर उभं. नियमाप्रमाणे खेळ दोन्ही बाजूंनी सुलटा दिसला पाहिजे. काम तसं चिमूटभर. पण प्रोग्रामर म्हणाला, खेळ फिरू नये म्हणून कोडमध्ये मुद्दाम कुलूप घातलंय, असू दे. साहेब म्हणाले, विषाची परीक्षा कशाला, सवलत मागणारं पत्र लिहून टाक. कारण विचारलं तर दोघंही खिडकीबाहेर बघायला लागले. कुठेतरी पाणी मुरतंय.

घरी आईला खेळ दाखवला. अर्धांगाच्या झटक्यात तिचा उजवा हात आणि पाय गेले, ती पलंगावरच असते, आणि प्लग तिच्या डाव्या हाताला. म्हणजे तिला हे घर कायम उलटंच दिसणार. म्हणाली, तुझा खेळ खेळायला मला शीर्षासन करावं लागेल. ती हसली. मला हसू आलं नाही, राग आला. तिच्या वाट्याला आधीच थोडं उरलंय, त्यात हेही नको? कुलूप निघणार म्हणजे निघणार.

शुक्रवार, ८
काढलं. घर झकास फिरलं. पलंग, दिवे, कुंड्या, सगळं सुलटं. माळ्यावर मात्र एक बाई आहे, ती फिरली नाही. पाठमोरी, पाय छताला टेकलेले. केस खाली लोंबत नाहीत, पाठीवर नीट बसलेत. ताईने शपथेवर सांगितलं की तिने कुठलीही बाई काढलेली नाही. सांगताना तिने स्क्रीनकडे पाहिलं नाही. मग प्रोग्रामरने तोंड उघडलं. ती कुठल्याच फाइलमध्ये नाही, म्हणाला. खेळ फिरला की दिसते आणि दर वेळी आपल्या जवळ येते, म्हणून ते कुलूप. हे मला बुधवारी सांगायला काय झालं होतं? नवीन माणसाला घाबरवायचे धंदे. मी घाबरणाऱ्यातली नाही. नवी प्रत आईच्या टॅब्लेटवर टाकून दिली.

सोमवार, ११
आज मुद्दाम फिरवून पाहिलं. बाई जिन्यात. पुन्हा फिरवलं. स्वयंपाकघरात, आणि आता तोंड आपल्याकडे. चेहरा साधाच आहे. साहेब हात जोडून म्हणाले, अजून वेळ आहे, कुलूप घाल. कुणी असं नको म्हटलं की माझ्या अंगातच येतं. एका चित्राला भिऊन माझ्या आईचा खेळ काढून घ्यायचा? सरळ मंजुरीला पाठवला. नोकरी गेली तर गेली.
आई म्हणते, बाई चांगली आहे, सारखी वर ये म्हणते. मी म्हटलं, तिला सांग, आधी जेवून घेते.

बुधवार, १३
मंजूर. दोन्ही बाजूंनी सुलटा.
पण बाई खेळातल्या घरात नाही. माळा, जिना, स्वयंपाकघर, सगळं रिकामं.
संध्याकाळी घरी आले तर आईचा उजवा हात वर उचललेला. गेलेला हात. मी दारातच रडले, इतका आनंद झाला.
मग जवळ गेले. बोटं ढिली होती. तिने हात उचललेला नव्हता. आपला खाली लोंबतो ना, तसा तो वर लोंबत होता.

गुरुवार, १४
आता पायही. पांघरूण वर फुगलंय. कुलूप पुन्हा घालून पाहिलं — पालथ्या घड्यावर पाणी. प्रोग्रामर फोनवर म्हणाला, ते कुलूप तिला आत ठेवायला होतं. म्हणाला, तू निघ तिथून. आईला टाकून? त्याला नको नको ते बोलले.
आईला चादरींनी पलंगाला बांधलंय. सोड गं, म्हणते, किती हलकं वाटतंय. भीती वाटतेय मला. खूप. तरी सोडणार नाही.

दुपार
पंख्याजवळ, छताच्या धुळीत, पावलं. पलंगाकडे येणारी —
पलंगाचे उजवे पाय जमिनीला लागत नाहीत.

नंतर
आईच्या अंगावर आडवी पडलेय. जन्मभर माझ्या वजनावरून बोललीस ना, आज तेच कामाला येऊ दे.
टॅब्लेट शेजारी, चार्जर डावीकडे. आलीस तशी आत जा, बाई. ही माझी आई आहे. ती जड आहे. तिला वर नाही यायचं, तिला इथे, माझ्या —
एक गाठ सुटली. आई हसतेय. ओढ किती ओढायचं ते. नाही सोडणार. ऐकलंस? नाही सोड —
माझे केस कपाळावरून वर