शहाण्याला ‘घ्या’ कळत नाही

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. (कागदावरचाच समज. प्रत्यक्षात जमिनीवर आडवं झालं की शहाणा पाठीवर येऊन बसतो, आणि कुणीतरी त्याला उतरवेपर्यंत नमस्कार चालूच राहतो.) तुझा गुडघा आता वाकतो का? जिना चढायची परवानगी मिळाली का? भाऊजींचा खोकला गेला असेलच; नसेल तर त्यांना म्हणावं, फार दिवस धरून ठेवलात, आता पुरे. इकडे अप्पांची तब्येत छान आहे. इतकी छान की हे अचानक कशामुळे, असा मला प्रश्न पडतो. तुझ्या वहिनीच्या हॉस्पिटलात सगळ्या नर्सच्या ड्यूट्या बदलल्यात, त्यामुळे ती कधी घरी असते आणि कधी नसते हे तिच्यापेक्षा कुत्र्याला जास्त नीट माहीत असतं. मी आहे तसाच आहे.

परवा आपण बोलत असताना फोन मध्येच बंद झाला, त्यावरून मी रागाने ठेवला असं तुला वाटलं असेल. तसं अजिबात नाही. बोलणं संपवताना मी सवयीने ‘बरं, काळजी घे’ म्हणालो आणि शहाण्याने माझ्या हातातला फोन घेतला. त्यात त्याची काही चूक नाही. हे तुला पटायचं तर सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल, आणि ते फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून हे पत्र.

ऑपरेशनच्या आधी तू त्याला आमच्याकडे सोडलंस तेव्हा म्हणाली होतीस, अगदी गरीब पिल्लू आहे, घरात आहे की नाही कळणारसुद्धा नाही. ते खरं होतं. तो कुठे आहे हे कळायचं नाही. काय नाहीसं झालंय त्यावरून अंदाज बांधावा लागायचा. पहिल्याच आठवड्यात तुझ्या वहिनीचा ड्यूटीचा पांढरा बूट गेला (डावा, त्याला जोडीतलं एकच लागतं, दुसरं तो आपल्याला शोधाशोध करायला ठेवतो), मग अप्पांच्या चष्म्याची दांडी, टीव्हीचा रिमोट, भांडी घासायचा ब्रश, आणि माझ्या वर्कशॉपमधला प्लास्टरचा एक जबडा. तो जबडा एका मोठ्या वकिलांचा होता. दातांच्या डॉक्टरांना मी ‘साचा खराब झाला, माप पुन्हा पाठवा’ एवढंच कळवलं. कवळ्या करणाऱ्या माणसाच्या घरात दात येत असलेलं पिल्लू आणून ठेवणं हा विनोद तुला सुचला असेल तर तो छान होता. आणि हो, त्याचं नाव तू शहाणा का ठेवलंस? रस्त्यात तो सुटला की मागून ‘अरे शहाण्या, थांब!’ असं ओरडत धावावं लागतं. एकदा पुढे चाललेला सायकलवाला थांबला, सायकल स्टँडला लावली आणि बाह्या वर करत माझ्याकडे आला.

खोटं कशाला बोलू, तेव्हा तुला ‘घेऊन जा तुझं ध्यान’ असं कळवायचं मी ठरवलंच होतं. पण तेवढ्यात खालून मोठ्या बाईंचा निरोप आला. मोठ्या बाई म्हणजे आमच्या घरमालकीण. आयुष्यभर शाळेत मुख्याध्यापिका होत्या, तेव्हापासून सगळं गाव त्यांना मोठ्या बाईच म्हणतं, आणि त्या सगळ्या जगाला तिसरीतल्या पोरासारखं अरे-तुरे करतात. शहाण्याने त्यांचं पायपुसणं वर आणून खाल्लं होतं. (निम्मंच. बाकीचं मी परत नेऊन दिलं, ती चूक झाली.) निरोप असा की पुढच्या महिनाअखेर त्या स्वतः वर येतील, घर बघतील आणि कुत्रा राहणार की आपण सगळेच जाणार ते सांगतील. निरोप ऐकल्याबरोबर मी शहाण्याला उचलून आत नेलं आणि दार लावलं. तेव्हा मला कळलं की मला हा कुत्रा हवा आहे. तुझ्या वहिनीला तर माझ्याआधीच कळलं होतं, कारण बूट गेला त्या दिवशीही ती बुटावर चिडली, त्याच्यावर नाही.

मग आम्ही कुत्र्यांचे एक मास्तर गाठले. शांत माणूस. म्हणाले, त्याच्या मागे धावू नका, धावलात की त्याला तो खेळ वाटतो. वस्तू उंचावर ठेवा, चावायला त्याचं त्याला काहीतरी द्या, आणि तोंडातलं काढून घेताना बदल्यात दुसरं काही द्या. आणि मुख्य म्हणजे सगळ्या घराने दोनच शब्द वापरा: द्यायचं असेल तेव्हा ‘घे’, काढून घ्यायचं असेल तेव्हा ‘सोड’. ‘घे’ म्हटल्याशिवाय त्याने कशालाही तोंड लावायचं नाही. ताई, शहाणा खरोखरच शहाणा निघाला. आठ-दहा दिवसांत शिकला. वर्कशॉपमध्ये मेणाच्या हिरड्या खाली पडलेल्या असल्या तरी हुंगून पुढे जायचा. चोरी पूर्ण बंद झाली. आम्ही मास्तरांना पेढ्यांचा पुडा द्यायचाच बाकी ठेवला होता.

आता तूच सांग, आपल्या घरात ‘घे’ शिवाय कुणाचं पान हलतं का? मी बाजारातून जिना चढून आलो, अप्पा म्हणाले ‘दम घे’. शहाण्याने छत्री घेतली. तुझी वहिनी ड्यूटीवरून आली, मी म्हटलं ‘जरा झोप घे’. त्याने उशी घेतली. ती निघताना मला म्हणाली ‘किल्ली घे’, तर ती त्यानेच घेतली. आमचं एकदा कडाक्याचं भांडण चाललं होतं (विषय विसरलो, उशीचाच असावा), त्यात मी कळवळून म्हणालो, ‘अगं, जरा समजून घे’, आणि तो माझ्या पायातली चप्पल काढून शांतपणे निघून गेला. तिला हसू आलं, भांडण मिटलं, चप्पल मिळाली नाही. आणि ओरडणार कुणावर? पूर्वी तो चोरून न्यायचा, आता परवानगीने नेत होता. मास्तरांकडे शब्द बदलून मागितला, तर ते म्हणाले, एकदा पक्का झालेला शब्द आता बदलू नका, गोंधळेल. आम्ही गोंधळलो होतो त्याबद्दल ते काही बोलले नाहीत.

तोडगा तुझ्या वहिनीने काढला. तिच्या लक्षात आलं की शेजारचे आजोबा आले आणि तिने त्यांना ‘चहा घ्या’ म्हटलं, तेव्हा हा जागचा हलला नाही. म्हणजे ‘घे’ कळतं, ‘घ्या’ कळत नाही. झालं, त्या दिवसापासून आम्ही सगळे घरात एकमेकांना अहो-जाहो करतोय. अप्पा आधी अडून बसले. ज्याला मी चड्डी घालायला शिकवलं त्याला अहो म्हणणार नाही, म्हणाले. त्यांचं श्रवणयंत्र गेलं तेव्हा तयार झाले. आता सकाळी उठून बाहेर आलो की अप्पा म्हणतात, ‘या, बसा, चहा घ्या’, आणि मला उगीच वाटतं आपण कुणाकडे तरी काम घेऊन आलोय. तुझी वहिनी मला लग्नापासून अरे म्हणते, फक्त रागावली की अहो. ही खूण फार उपयोगाची होती. आता ती कायमच अहो म्हणते, त्यामुळे कधी रागावली आहे ते कळायला मार्ग उरला नाही, आणि मी दिवसभर सावध असतो. भांडणंही बंद पडली. ‘अहो, तुम्ही गाढव आहात’ हे कितीही जोर लावून म्हटलं तरी निमंत्रण दिल्यासारखंच वाटतं. दोन-तीन आठवड्यांत ही भाषा जिभेवर अशी काही बसली की मी एकदा दुधाच्या पातेल्यालासुद्धा ‘थांबा थांबा’ म्हणालो.

मोठ्या बाई आल्या त्या अशा घरात. घर आवरलेलं, एकही वस्तू खाली नाही, शहाणा कोपऱ्यात मान टेकून पडलेला. त्यांनी भिंती बघितल्या, दाराची चौकट बोटाने चाचपली. अप्पा मला म्हणाले, ‘अहो, बाईंना ती खुर्ची द्या.’ तुझी वहिनी अप्पांना नि मला सारख्याच अदबीने चहाचं विचारत होती. बाई ऐकत राहिल्या. त्यांचा चेहरा सैल पडत गेला. शेवटी म्हणाल्या, इतकी वर्षं शाळा चालवली, पण बाप मुलाला अहो म्हणतो असं घर पाहिलं नाही. अशा घरातला कुत्रा वाईट असणार नाही. मी सुटकेचा श्वास सोडला. नको तेव्हा सोडला.

कारण बाईंचं दुसरंही एक काम होतं. त्यांची वरची कवळी मीच केलेली आहे आणि ती एका बाजूला टोचत होती. डॉक्टरांकडे जाण्याऐवजी त्या जिना चढून थेट माझ्याकडेच दाखवतात. त्यांनी रुमालाआड तोंड केलं, कवळी काढली आणि माझ्यापुढे धरून म्हणाल्या, ‘हे घे, बघ.’ (‘घे’ हा शब्द दातांशिवायही स्वच्छ येतो, एवढं धंद्यातला माणूस म्हणून नमूद करतो.) शहाणा उठला, आला आणि कवळी घेतली. अगदी हळू, शिकवल्याप्रमाणे. मग खोलीच्या मधोमध बसून आमच्याकडे बघत राहिला. दात बरोबर त्याच्या ओठांबाहेर आले होते. माप घेऊन केल्यासारखे. तुझी वहिनी हसू दाबत स्वयंपाकघरात पळाली आणि तिथून भांडी पडल्याचा आवाज आला. मी आणि अप्पा दोन्ही बाजूंनी ‘सोडा! अहो, सोडा!’ म्हणून ओरडत होतो. त्याला बिचाऱ्याला ‘सोडा’ कुठून कळणार? आणि आम्हाला ‘सोड’ आठवेना. ताई, खरंच आठवेना. मला एवढंच दिसत होतं की आता त्याचे दात कवळीवर दाबले जाणार, मोडल्याचा आवाज येणार, आणि उद्या मी ह्याला कुणाच्या तरी दारात बांधून येणार.

मोठ्या बाई खुर्चीतून उठल्या. त्याच्यासमोर उभ्या राहिल्या, तळहात पुढे केला आणि म्हणाल्या, ‘होड.’ (‘स’ला वरचे दात लागतात. कवळी बसवली की आम्ही गिऱ्हाइकाला आधी ‘स’चेच शब्द म्हणायला लावतो.) शहाण्याने कवळी त्यांच्या तळहातावर ठेवली. बाईंनी तिच्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. मग दुसऱ्या हातातला रुमाल पुढे केला. ‘घे.’ त्याने घेतला. ‘होड.’ दिला. पुन्हा घे, पुन्हा होड. मी कवळी धुऊन, टोचत होती तिथे घासून, चकचकीत करून आणली (एक ओरखडा नव्हता), तरी ह्यांचं चालूच होतं आणि बाई तोंडभर हसत होत्या. म्हणजे होतं तेवढ्या तोंडाने. कवळी बसवल्यावर त्या पुन्हा मुख्याध्यापिका झाल्या, पदर नीट केला, आणि कुत्रा राहील असं सांगून खाली गेल्या.

तेव्हा कळवायचं ते एवढंच की सगळं ठीक आहे. तू निश्चिंतपणे गुडघ्याचे व्यायाम कर. भाऊजींना नमस्कार.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. — एक राहिलं. मोठ्या बाई शहाण्याला रोज संध्याकाळी खाली ‘अभ्यासाला’ नेतात. आधी लवकर सोडायच्या, आता सुटतच नाही. अप्पा त्याला आणायला जातात, तर आणायला गेलेला माणूसही परत येत नाही. आई गेल्यापासून त्यांनी जिना उतरणं जवळजवळ सोडलं होतं, म्हणून मीही काही बोलत नाही. पण संध्याकाळी घर अगदी ओकंबोकं वाटतं. परवा मी एक चप्पल मुद्दाम जमिनीवर ठेवली होती. तिला कुणीही हात लावला नाही.

ता. क. २ — पत्राचं खरं कारण आता लिहितो. काल बाई म्हणाल्या, हा कुत्रा मला दे. तुम्ही माणसं त्याला अहो म्हणून बिघडवता, माझ्याकडे शिस्तीत राहील. घरमालकीण आहेत त्या, ताई; मी नाही कसं म्हणू? तुझी वहिनी कालपासून मला अरे म्हणतेय, आणि ह्या वेळी ती रागावली आहे ह्याबद्दल शंका नाही. म्हणून एक कर. तू त्यांना फोन कर आणि ठणकावून सांग की कुत्रा माझा आहे, भावाकडे फक्त ठेवलाय, तो कुणाला देता येणार नाही, मी न्यायला येणार आहे. एवढं म्हण, आणि कृपा करून न्यायला येऊ नकोस. मला त्याच्याशिवाय करमायचं नाही. पत्र अप्पांबरोबर टपालात टाकायला पाठवतोय, म्हणजे आजच निघेल.

ता. क. ३ — चि. ताईस आशीर्वाद. पाकीट उघडंच होतं म्हणून वाचलं. तू मोठ्या बाईंना फोन-बिन काही करू नकोस. कुत्रा खाली राहायला गेला की मला त्याला भेटायला रोज जाता येईल. तो वरच राहिला, तर मी खाली कशाला जाऊ?

— अप्पा