ठेवणीतली हवा

कऱ्हाटी, ४ नोव्हेंबर १९९७

सगळे बरे ना? सकाळी उठलो की ही फेरी ठरलेली. म्हशीचा खूर सुधारला. करडू दूध प्यायलं. शेजारच्या बानूबाईंचा गुडघा कालच्यापेक्षा हलका. माझा खोकला — जुना सोबती, असू दे. शेवटी बायकोच्या, नकोशीच्या खाटेशी.

"कशी हायस?"

"हाय… की."

एवढं बोलायला बाईला मध्येच थांबावं लागतं! जन्मभर चुलीच्या धुरात फुंकणी फुंकली, आता तिचाच भाता फाटला. बारामतीचे डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं गेलीत. प्राणवायू मिळत राहिला तर तेवढाच आधार.

९ नोव्हेंबर

पुतण्याची थोरली, रोहिणी, पुण्याहून आली. प्रयोगशाळेत असते. डॉक्टरांना विचारून एक पेटी आणलीय — मागं पंप, आत कांद्याच्या पापुद्र्यासारखी प्लास्टिकची पट्टी.

"आबा, हिला डोळ्याला न दिसणारी भोकं आहेत. पंप हवा ओढतो. प्राणवायू पटकन पार होतो, बाकीची हवा मागं रेंगाळते."

मेंढरांमागं हिंडताना धुळीत अक्षरं गिरवून शिकलेला मी, पण हे लगेच कळलं! मेंढरं कोंडायच्या वाघरीच्या जाळीतून कोकरं निसटतात, मेंढे अडतात — तेच की.

हसली. मग तोंड उतरलं. "पण ही भोकं हळूहळू मिटतात, आबा. वापरा न वापरा, नुसती पडून राहिली तरी. तेच थांबवायचं माझं काम. पट्टी तापवायची, तिचे धागे एकमेकांना बांधून टाकायचे."

म्हणजे घोंगडीला चिंचोक्याची खळ देतो तसं. खळ दिली की घोंगडी अंग धरते.

१० नोव्हेंबर

नळी नाकाशी लावली. दुपारी नकोशी भिंतीला टेकून बसली आणि चक्क माझ्यावर ओरडली — "अवं, भाकरी करपली! वास येत न्हाय व्हय तुमास्नी?" किती दिवसांनी! करपलेली भाकरी गोड लागली.

पट्टीचं तिला समजावलं. म्हणाली, "मग जपाया पायजे. माजं लग्नातलं लुगडं न्हाय का अजून पेटीत?"

"आगं, ही लुगडं न्हवं. पडूनबी मिटती."

"तुमचं आपलं कायतरीच! न वापरता कुठं काय झिजतं व्हय?"

दोघं हसलो. तिला हसताना ठसका लागला, पण हसली.

२१ नोव्हेंबर

ज्वारीला पाणी देऊन आलो. पेटी गार! "लाईट गेलती," म्हणाली. विजेचा खरंच नेम नाही. खटका दाबला, पंप लगेच गुरगुरला. तिचे ओठ निळसर होते.

२ डिसेंबर

रानातून आलो. पेटी पुन्हा गार. पुन्हा "लाईट."

९ डिसेंबर

आता पेटी चालू असूनही नकोशीचा दम उतरत नाही. सुप्याला जाऊन रोहिणीला फोन केला. "पट्टी मिटली असणार, आबा. नवी बनवतेय, धागे बांधलेली. थोडं थांबा."

थांबायला मी आहे. ती कुठं थांबणार?

१४ डिसेंबर

नकोशी गेली. सकाळी. माझा हात धरलेला होता.

२७ डिसेंबर

तेरावं उरकलं. रोहिणी आली होती. पेटी उघडून बघितली — पट्टी पार मिटलेली. रडली पोर. डोळे पुसून म्हणाली, "नवी तयार झालीय. टिकते. आबा, तुमचा खोकला वाढलाय. पाठवू?"

मी खेकसलोच. "आता मला काय करायचीय? ती पेटीबी घिऊन जा!"

पेटी तिथंच ठेवून गेली.

सकाळची फेरी मारतो. म्हैस, करडू, बानूबाई. मग पाय खाटेकडे वळतात आणि मध्येच थांबतात.

१ जानेवारी १९९८

बानूबाई डोळे पुसत आल्या. "तुमी रानात गेला की नकोशी खटका बंद करायची, आबा. मी लई वरडायची. तर म्हनायची, 'आमचं म्हातारं बी खोकतंय की. पट्टी त्येला ठिवते. माज्यामागं त्येच्यासाठी कोण धावणार?'"

लगेच रोहिणीला पत्र टाकलं — पोरी, पेटी नेऊ नकोस. नवी पट्टी पाठव. जपून ठेवणार नाही, रोज लावीन. कधी येतेस ते लवकर कळव.