काचेमागचं ‘मी’

तीर्थरूप बाबा,

दोन्ही हात जोडून नमस्कार. तुमच्या एका हाताचा आशीर्वाद मला पुरून उरतो.

आज मी पहिल्यांदा संसदेत दुभाषी म्हणून बसले! सभागृहाच्या वर आमची काचेची खोली आहे. खाली सदस्य आपल्या भाषेत बोलतात, ते आम्ही लगेच दुसऱ्या भाषेत बोलायचं. ‘ते म्हणतात’ असं म्हणायची सोय नाही. त्यांचं ‘मी’ तेच आमचं ‘मी’. त्यामुळे सकाळी मी मंत्री होते, जेवणाआधी विरोधी पक्षनेता झाले, आणि स्वतःशीच भांडून घसा बसला! आईला सांगा, गरम पाणी पितेय.

दुपारी कारखान्यांच्या कायद्यावर एक वयस्कर सदस्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “माझे वडील कारखान्यात होते. यंत्राला जाळी नव्हती. त्यांचा उजवा हात गेला.”

बाबा, मी एका वाक्यानं मागे पडले. शेजारी बसलेल्या दुभाषी ताईंनी माझ्याऐवजी बोलायला माईककडे हात नेला. मी मानेनंच नको म्हटलं आणि बोलले, एकही शब्द न गाळता. खाली हेडफोन लावून बसलेल्या मंत्र्यांनी चमकून वर काचेकडे पाहिलं.

आणि कायदा मंजूर झाला! आता जाळीशिवाय यंत्र चालवता येणार नाही, कुणालाच.

तुमचा खांदा अजून ठणकतो का? आईला विचारलं की ती विषय बदलते, म्हणून तुम्हालाच विचारतेय.

बाहेर पडताना ताई म्हणाल्या, “ते वडिलांचं काय सुंदर भाषांतर केलंस गं!” ते भाषांतर नव्हतं, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.

तुमचीच,
धाकटी