शकूचा राब

२२ एप्रिल

शकूशी बोलणं बंद आहे, शिमग्यापासून. विहिरीवर चार बायांपुढं म्हणाली, बाय आमची मोठी कारखान्यात हाय, शेणाला झाडू मारते नि तोच वास घेऊन घरी येते! धाकटी जाऊ असून ही जीभ. त्या झाडूवर माझा अनिल गेटवर लागला. तिचा प्रज्वल अजून मुरबाडला जीपसाठी पाशिंजर हाकारतोय. पोटात दुखणारच.

२४ एप्रिल

बांधाकडच्या पाइपाला कारखान्याचे स्वरूप साहेब साबणाचं पाणी लावून बघत होते. बुडबुडे येत होते, भात शिजल्यासारखे. पेंढा-शेण कुजवून काढलेला गॅस त्याच पाइपानं जमिनीखालून टाकीकडं जातो. साहेब म्हणाले, मावशी, गॅस गळतोय, सोमवारी वाशिंदवरून दुरुस्तीचा माणूस येतोय. तोवर बांधापलीकडं कोणी राब भाजायचा नाय, घरोघर सांगून या. मी म्हटलं, गेटावर कागद लावा. तर कागद नको, वरचे विचारतात म्हणे!

बांधापलीकडं भाताच्या रोपांचे राब चारच घरांचे. धोंडीला सांगितलं, मंगळूला सांगितलं, हिराबाईला सांगितलं. शकूच्या राबावर शेणी, पातेरा, गवत, वर माती — सगळं रचून झालंय. काडी लावायची बाकी. ती अंगणातच होती. मला बघून पाठ केली. मग मीपण पाठ केली.

भाजू दे. तोंड जरा पोळलं तर जीभ आखूड होईल.

२६ एप्रिल

सकाळी वारा पडला होता. शकूनं राब पेटवला. मी ओट्यावरून बघत होते. आधी नेहमीसारखा धूर. मग जमिनीतूनच जाळ उठला, माणसाएवढा, फरफर आवाज करत. शकू हातानं पातेरा सारत होती, तिथंच.

ओरडली नाय. नुसते हात वर धरून उभी. तिच्या नवऱ्यानं, भिमानं, गोणपाट टाकलं. जीपनं मुरबाडला नेली, तिथून ठाण्याला.

२७ एप्रिल

भाकऱ्या केल्या. घरात कोणी खाल्ल्या नाय. मी खाल्ल्या.

२९ एप्रिल

साहेबांनी कागद आणला. ‘राब भाजू नये असे शकू यांना समक्ष सांगितले होते’ — खाली माझं नाव. चौथीपर्यंत शिकलेय, वाचता येतं. हा कागद गेला की शकूला कंपनीकडून काय मिळायचं नाय, तेपण कळतं. धोंडी, मंगळू, हिराबाईनं आधीच सांगून टाकलेलं की बाई घरोघर फिरली. खोटं कुठं बोलले ते? त्यांच्या घरी गेलेच होते.

अनिल पाठीशी उभा. म्हणाला, "आई, कर सही. नायतर मी उद्यापासून घरी."

केली. अक्षर बरं आलं.

११ मे

भिमा ओट्यासमोर येऊन शिव्या देऊन गेला. आमाला कोणी सांगितलंच नाय म्हणतो. आमच्या ह्यांनी मला विचारलं, खरं काय? मी म्हटलं, जेवायचं काय ते बोला.

२३ मे

शकू दवाखान्यातून घरी आली. हातांना फडकी, आत बोटं एकमेकांना चिकटलेली. मी जाऊन बशीनं चहा पाजला. भिमा परत सुरू झाला, तर तिनंच त्याला गप्प केलं. म्हणाली, "बाय सांगून गेली असंल रे. मीच रागात होते. माझ्याच कानावरून गेलं."

मी म्हटलं, दोनदा सांगितलं होतं.