शटरखालची किंकाळी

प्रिय सांगाड्या,

‘प्रिय’ जुन्या सवयीनं लिहिलंय, हुरळून जाऊ नकोस.

मी मजेत आहे. दातांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंच्या हाताखाली काम करते. दादा अजून फ्रिजच दुरुस्त करतो. त्याच्याच गाळ्यात आपण आपल्या बँडचं ‘शवागारातली नवरी’ हे गाणं रेकॉर्ड केलं होतं. हॉरर पंक, म्हणजे भुताखेतांची धांगडधिंगा गाणी, कशाशी खातात हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं? तू सांगाड्याचं सोंग घेतलंस, दोघं तोंडाला पांढरा रंग फासून निघालो, तर आई म्हणाली, “कार्टी कामातून गेली!”

गाण्याच्या शेवटची किंकाळी तुला स्वप्नात सुचली, असं तू मुलाखतीत सांगितलंस. वा रे वा! तुझ्या हातून शटर सुटून माझ्या बोटांवर आलं, तेव्हा तू चांगला जागा होतास की. मी जीव खाऊन ओरडले. तू धावत आलास, पण टेपकडे. “आली का रे रेकॉर्डिंगमध्ये?” हे दादाला विचारलंस. माझी दोन बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत. गिटार सुटली. तू नवी गिटारवाली आणलीस आणि रेकॉर्डवरून माझं नावही काढलंस.

गाणं मात्र मेलं नाही. आपण म्हातारे झालो, ते तरुणच राहिलं. परवा दवाखान्यातल्या खुर्चीत एक मुलगी बसली होती, दंडावर आपली नवरी गोंदलेली. म्हणाली, “काकू, ती किंकाळी ऐकली की माझी भीतीच पळते.” मी म्हटलं, “ती माझी आहे.” तिला खरं वाटेना. मग मी हातमोजा काढला. सगळं ऐकून पोरगी रडली, आणि तिनं ते गावभर केलं. तुझ्या कार्यक्रमात किंकाळीच्या जागी आता लोक “घुबड! घुबड!” ओरडतात म्हणे. तू मला चिडवायला ठेवलेलं नाव! ऐकून जेवण गोड लागलं.

काल तुझा निरोप आला. तुझा शेवटचा कार्यक्रम आहे, तुझ्याच्यानं ती किंकाळी निघत नाही, लोक ऐकत नाहीत, ‘एकदाच ये, झालं गेलं विसर.’ बोटांबद्दल अवाक्षर नाही. म्हणून हे उत्तर. येईन मी. ती मुलगी आणि तिची मित्रमंडळी मला पहिल्या रांगेत बसवणार आहेत. शेवटची ओळ संपेल, सगळं सभागृह माझ्याकडे वळेल, आणि मी तोंड मिटून तुझ्याकडे बघत राहीन.

एकेकाळी तुझीच असलेली,
घुबड