शेवंतीच्या आयाळीतला कोंडा

४ ऑक्टोबर, शनिवार

खरूज म्हणे! तात्याबाच्या जिभेला काही हाड? माणूस तसा बरा आहे, शिरूरला त्याच्या वरातीच्या घोड्या आहेत, पण आज माझ्या मनातून उतरला. आमची घोडी शेवंती विकत घ्यायला म्हणून आला, चहा प्यायला, तिचे दात बघितले, पाय उचलून खूर बघितले, खूश झाला. मग आयाळीत हात घातला आणि बोटांना पांढरा भुसा लागला. लगेच हात पँटला पुसला.

"वैनी, ही खरूज हाय. माझ्या घोड्यास्नी लागली तर लग्नाचा सीझन गेला." दिवाळीनंतर बघू म्हणाला आणि गाडीला किक मारली.

विकायचं माझ्या अजीमनंच काढलं. त्याचे अब्बा गेल्यापासून वरातीत शेवंतीला धरून चालायला कोणी नाही. अजीमला कुरकुंभच्या कंपनीत शिफ्ट. मागच्या महिन्यात गवताचा भारा उतरवताना माझा गुडघा दुखावला, मी जरा कण्हले, तर लगेच, "अम्मा, तुझ्यानं होतंय का आता? देऊन टाकू शेवंतीला." मी नको म्हणाले नाही. पोरगं शिफ्ट करून येतं आणि कपडे न बदलता लीद काढायला जातं. कुठल्या तोंडानं नको म्हणू?

पण जायचीच असेल तर खरजुली म्हणून माझ्या दारातून जाणार नाही! कोंडा आहे तो. माणसाला होतो, मग घोडीला का नाही होणार?

५ ऑक्टोबर, रविवार

माझ्या डोक्यात कोंडा झाला की मी काय करते? दही, लिंबू, भिजवून वाटलेली मेथी. तेच केलं, पातेलंभर. शेवंती गुमान उभी राहिली, मी आत हात धुवायला गेले. बाहेर येते तर तिनं पातेल्यात तोंड घातलेलं आणि शेजारच्या सोजरबाईची शेळी तिची आयाळ चाटतेय! वर माश्यांची जत्रा. सोजरबाई हसून हसून ओट्यावरच बसली. कोशिंबिरीत मीठ घातलंत का, विचारते.

७ ऑक्टोबर

मेथी वाळली. आता कोंडाही पडतोय आणि मेथीही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

शुक्रवार म्हणजे तेलाचा वार. हे होते तेव्हापासूनचा शिरस्ता. सकाळी आयाळ धुवायची, मग खोबरेल तेल मुळापर्यंत मुरवायचं. वरातीच्या लाइटमध्ये आयाळ चमकली पाहिजे. हे म्हणायचे, "नवरदेव कसाबी असूद्या, घोडी देखणी पायजे." पाटसच्या एका लग्नात नवऱ्यापेक्षा शेवंतीचे फोटो जास्त निघाले होते, ते महिनाभर सांगत होते.

आज मी कपड्याच्या साबणानं खसाखसा धुतली आणि नेहमीच्या दुप्पट तेल जिरवलं. आता कसा राहतो कोंडा बघते.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

राहिला. वाढला! शेवंती खांबाला मान घासते. मधले केस तुटलेत, एका जागी कातडी लालभडक. माझाच जीव कासावीस झाला. गुपचूप जनावरांच्या दवाखान्यात फोन केला.

डॉक्टर भाग्यश्रीबाई आल्या. एवढीशी पोर, पण शेवंती तिच्यापुढं मांजर झाली. मानेवरचं खरवडून काचेच्या पट्टीवर घेतलं, काही केस मुळासकट घेतले. तपासून उद्या सांगते म्हणाल्या. मी त्यांच्याकडं असं बघत होते की जणू पोराचा निकाल आहे.

१५ ऑक्टोबर

खरूज नाही! उवा नाहीत, बुरशी नाही. नुसती कोरडी पडलेली कातडी.

मग त्यांनी विचारलं, काय काय लावत होता. सगळं सांगितलं. मेथीपर्यंत आले तर फोनवर हसू ऐकू आलं. शेळीचं सांगितलंच नाही. म्हणाल्या, कपड्याचा साबण कातडीचा ओलावा ओढून घेतो, आणि वर थापलेल्या तेलात धूळ बसते, खालचा कोंडा तिथंच अडकतो. "मावशी, तेल बंद करा." 

यांचं तेल बंद! फोन ठेवला आणि चक्क रडले. इतकी वर्षं माणूस मायेनं तेल लावत होता, आणि मी आज तेच तिच्या मानेवरून पुसायचं?

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

तेलाची वाटी काढली. परत ठेवली.

२२ ऑक्टोबर

सोजरबाईकडून चकली आली. ती शेवंतीलाच जास्त आवडली असती, पण डॉक्टरबाईंचा धाक. खुराकात त्यांनी सांगितलेला भरडलेला जवस तेवढा जास्तीचा.

आज डॉक्टरबाईंनी दिलेल्या औषधी शाम्पूची दुसरी अंघोळ. हलक्या हातानं चोळायचं, जरा वेळ मुरू द्यायचं, मग पाणी, पाणी, पाणी. मुळाशी फेस राहिला तर पुन्हा खाज. अजीमनं दावं धरलं, मी धुतलं. दोघंही शेवंतीपेक्षा जास्त भिजलो. तिनं मान झाडली की अजीम लहानपणासारखा ओरडतो. फार दिवसांनी घरात असं हसू झालं.

मध्येच म्हणाला, "लई मन लावून करतीस गं, अम्मा." म्हटलं, चांगली दिसली तर तात्याबा लवकर नेईल. ब्रश धुवायला गेला तो किती वेळ धूतच बसला.

२८ ऑक्टोबर

आयाळीत हात घातला, स्वच्छ बाहेर आला! लाल जागा गेली, तिथं नवे केस आलेत, बाळाच्या जावळासारखे मऊ. सोजरबाईला ओढून आणून दाखवलं. दूधवाल्याला दाखवलं. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला शेवंतीला खरजुली म्हणाला होता, त्याला तर दुकानातून उठवून आणला आणि हात फिरवायला लावला. माफी मागून गेला.

तात्याबाला फोन करायचं अजीमकडं होतं. विसरला म्हणाला. काल पण विसरला होता. शेवटी मीच केला. शनिवारी येतो म्हणाला.

फोन केला आणि शेवंतीच्या शेडमध्ये जाऊन बसले. मला ती जायला नको आहे. इथं लिहिते, दुसरीकडं कुठं बोलू? माझ्यासाठी त्या पोरानं किती दिवस मरमर करायची! ह्यांच्या माघारी सकाळी कोणीतरी माझी वाट बघत उभं असायचं, एवढंच. तेही जाईल.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

आयाळीची वेणी घातली. सोडली. पुन्हा घातली.

१ नोव्हेंबर, शनिवार

तात्याबा नवीन दावं घेऊनच आला. शेवंती उन्हात अशी उभी की बघत राहावं. तो हसतच आयाळीकडं हात न्यायला लागला, तर आमचा अजीम मध्ये जाऊन उभा.

"हात नका लावू, मामा. खरूज हाय तिला. पुन्ना आलीया."

धडधडीत खोटं! आणि तेही मी महिनाभर राबल्यावर, माझ्या तोंडावर! मी त्याच्याकडं बघितलं. त्याची मान खाली, कान लाल, आणि एक हात मागं शेवंतीच्या गळ्यात.

तात्याबा माझ्याकडं वळला. "व्हय का, वैनी?"

"व्हय," म्हटलं. "लांबच राहा, भावजी. तुमाला लागंल."