पाटीवरचं नाव

४ मार्च, सकाळी
नातू झाला. सव्वातीन किलो. लग्नाचा केक साधारण याच वजनाचा जातो. दवाखान्यात सगळे डोळे पुसत होते. मी रडलो नाही. डोळ्यांत मैदा गेला होता, तेवढंच.

नावाचा प्रश्नच नाही. आमच्या घरात नावं दोनच, आलटून पालटून. आजोबांचं मला, वडिलांचं चिरंजीवांना. आता ओघानेच माझं नातवाला. बेकरीवरची पाटीही तेच सांगते. लोखंडी, पांढऱ्यावर निळी अक्षरं. त्यावर आजोबांचं नाव, म्हणजे माझं, म्हणजे आता नातवाचं. पाटीला हातसुद्धा लावावा लागत नाही.

मला स्वतःला काही हौस नाही. परंपरा आहे म्हणून. आपण होऊन विषय काढायचा नाही, असं ठरवलं आहे. तेच विचारतील.

६ मार्च
विचारलं नाही. गडबडीत आहेत बिचारे.

९ मार्च
बाळ-बाळंतीण घरी आले. सकाळी सूनबाई म्हणाल्या की बाबा, एक विचारायचं होतं. मी चष्मा काढला, गळा साफ केला, खुर्चीत नीट बसलो. खालच्या भट्टीचा धूर बाळाच्या खोलीत येतो, तर ती खिडकी बंदच ठेवली तर चालेल का, असं विचारायचं होतं. चालेल म्हटलं.

मग दिवसभर चष्मा सापडला नाही.

१२ मार्च
जरा सुचवायला हरकत नाही. सुचवणं म्हणजे विषय काढणं नव्हे. चहाच्या वेळी सगळे बसलेले असताना सहज म्हणालो की आपल्या पाटीवर फार धूळ बसली आहे, लोकांना नाव दिसायला हवं. चिरंजीव लगेच उठले. वाटलं, पेटली ट्यूब. आतून फडकं आणून माझ्या हातात दिलं.

पुसली पाटी. शिडीवर चढून.

१५ मार्च
व्याही बाळाला बघायला आले. दातांचे डॉक्टर आहेत. आमचे केक खाऊन लोक त्यांच्याकडे जातात, म्हणजे एका अर्थी त्यांचा दवाखाना आमच्या जिवावर चालतो. पण उपकाराची जाणीव नाही. आल्या आल्या नावं सुचवायला लागले. सगळी दोन अक्षरी. ऐकताना टूथपेस्टच्या जाहिराती आठवल्या.

मी शांतपणे सांगितलं की केकवर नावं लिहिण्यात माझा जन्म गेला. दोन अक्षरी नावाने केकवर नुसती जागा उरते, मग ती भरायला गुलाब काढत बसावं लागतं. वजनदार नावाला गुलाब लागत नाही. त्यावर व्याही म्हणाले की तुमचं नाव लिहायचं तर केक ऑर्डर करण्यापेक्षा सतरंजीच करून घ्यावी. सगळे हसले. मीही हसलो, पण कमी.

(एक किलोच्या केकवर व्यवस्थित मावतं. शेवटचं अक्षर कडेवरून जरा खाली उतरतं, इतकंच.)

१६ मार्च
ठराव: यापुढे एकेकाला गाठायचं. सुरुवात हिच्यापासून. ही वळली की घर वळतं.

संध्याकाळी हिला म्हणालो की माझं नाव एकदा मोठ्याने म्हणून तरी बघ, कानाला किती भारदस्त लागतं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, हिने एकदाही नावाने हाक मारलेली नाही. अहो, नाहीतर ऐकलंत का. आजही म्हणाली की गॅसवर दूध आहे, आणि आत गेली.

मागोमाग जाऊन पाहिलं. दूध फ्रिजमध्ये होतं.

१८ मार्च
दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. बसल्या बसल्या विचार केला की आपल्याला नावाने हाक मारतं तरी कोण? गिऱ्हाईकं बेकरीवाले काका म्हणतात. कारागीर मालक म्हणतो. घरात बाबा आणि अहो. उरलं विजेचं बिल.

आई होती तोवर नावाने हाक मारणारं कोणीतरी होतं. आई गेली आणि नाव नुसतं पाटीवर राहिलं. ते जरा लागतं मनाला. जरा कशाला, चांगलंच लागतं. आपण गेल्यावर या घरात कोणी तरी त्या नावाला ओ द्यावी, एवढंच.

असो. हा मुद्दा नव्हे. मुद्दा परंपरेचा आहे.

२० मार्च
चिरंजीवांना गाठलं. म्हणाले की बाबा, नको. शाळेत मला माझ्या नावावरून सगळे आजोबा म्हणायचे, मास्तरसुद्धा गमतीने नमस्कार करायचे. मी समजावलं की पीठ मळल्याशिवाय ब्रेड फुगत नाही, चिडवल्याने पोर घट्ट होतं. त्यावर म्हणाले की मला मळून मळून मळलं, पण माझा टोस्टच झाला.

विनोद बरा होता. माझ्यावर गेला आहे. म्हणजे मनातून माझ्याच बाजूने आहे. बायकोपुढे बोलता येत नसेल.

२३ मार्च
साक्षीदार हवा म्हणून आत्याला फोन लावला. घरातलं सर्वांत जुनं माणूस. तिने सांगितलं की कोणाची काय बिशाद आहे नाही म्हणायची. परंपरेबद्दल जरा फोनवरून सगळ्यांना सांग म्हटलं, तर फिस्सकन हसली.

परंपरा कसली डोंबलाची, म्हणे. आजोबांनी हौसेने पाटी करून घेतली आणि वर्षभरात गेले. तेवढ्यात तुझा जन्म. तुझा बाप म्हणाला की पाटी चांगली टणक आहे, नवी कशाला करायची, पोराचंच नाव हे ठेवून टाका. तुझ्या आईच्या मनात दुसरंच नाव होतं. दोन दिवस जेवली नाही. आणि त्या नावाने तिने तुला जन्मात कधी हाक मारली नाही. गुंड्या म्हणायची. चार गल्ल्यांत ऐकू जाईल अशी ओरडायची, गुंड्याऽऽ म्हणून. विसरलास?

आत्याचं वय झालं आहे. या वयात माणसाला काहीही आठवतं. आत्याची साक्ष रद्द.

गुंड्या म्हणे! छे.

२८ मार्च
सूनबाई स्वतः दुकानात आल्या. रविवारी संध्याकाळी वरती घरीच चार माणसं बोलवायची आहेत, नाव तेव्हाच जाहीर करायचं. केकचं झाकण उघडलं की नाव दिसलं पाहिजे. आणि ते नाव, बाबा, तुमच्याच हाताने लिहिलेलं हवं, असं म्हणाल्या. मग हळूच कानात नाव सांगितलं. दोन अक्षरं. व्याह्यांनी सुचवलेल्यांतलं नाही, एवढीच जमेची बाजू.

मी मान हलवली. होकारार्थी की नकारार्थी, हे माझं मलाच माहीत.

सूनबाई गेल्यावर डोक्यात लख्ख प्रकाश पडला. क्रीमचा कोन कोणाच्या हातात? माझ्या. केकवर लिहिलं की लिहिलं. चारचौघांत झाकण उघडणार, लोक नाव वाचणार, टाळ्या वाजवणार. मग पाहुण्यांसमोर नाही म्हणायची कोणाची छाती आहे? ही लबाडी नव्हे. पोरांना निर्णय जड जातो आहे, तो मी सोपा करून देतो आहे.

३१ मार्च
सराव. बटरपेपरवर बारीक नोझलने पाच-सहा वेळा लिहिलं. कारागीर बघत होता. म्हणाला की मालक, स्वतःच्याच नावाचा सराव कशाला? हात मोकळा करतोय, असं सांगितलं. तो हं म्हणाला. याच्या पोटात तीळ भिजत नाही, पण मालकाची गोष्ट बाहेर काढणार नाही. इतक्या वर्षांचा माणूस आहे.

संध्याकाळी तो आणि ही जिन्यात बराच वेळ बोलत होते. यीस्टबद्दल असणार.

२ एप्रिल, रविवार, दुपारी
केक तयार. एक किलो, पांढरं क्रीम, वर निळी अक्षरं. हुबेहूब पाटी. शेवटचं अक्षर कडेवरून उतरलं आहे, पण त्यात एक प्रकारचा रुबाब आहे. कारागिराला म्हटलं, नेहमीसारखा पॅक कर आणि वर नेऊन ठेव.

मघाशी ही खाली आली होती. अर्धा किलोचा बिननावाचा केक आहे का विचारून घेऊन गेली. जाताना एक क्रीमचा कोनही उचलला. कशाला, ते विचारलं नाही. जिंकणाऱ्याने मन मोठं ठेवावं.

तोच दिवस, नंतर
लिहावंसं वाटत नाही. पण लिहितो.

सगळे जमले. शेजारपाजारचे, व्याही, रोजची चार-पाच गिऱ्हाईकं. बाळ सूनबाईंच्या मांडीवर. चिरंजीवांनी झाकण उघडलं. सूनबाईंनी केककडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. चिरंजीवांनी कपाळाला हात लावला. मी छाती पुढे काढून उभा.

आणि मग मला खोक्यातली मेणबत्ती दिसली. कारागिराला सांगितलं होतं ना, नेहमीसारखा पॅक कर! नेहमी आपण प्रत्येक केकबरोबर एक मेणबत्ती आणि प्लॅस्टिकची सुरी फुकट देतो.

व्याही ओरडले की अहो, कमाल आहे तुमची, आज तुमचा वाढदिवस आणि सांगायचं नाही? झालं. कोणी मेणबत्ती लावली, कोणी मला पुढे ढकललं आणि सगळे टाळ्या वाजवून गायला लागले. गाण्यात जिथे नाव येतं, तिथे माझं नाव काही केल्या बसेना. निम्मे पुढे गेले, निम्मे मागे राहिले, पण सोडलं नाही कोणी. सगळ्यांनी म्हटलं, मोठ्याने. सूनबाईंनी म्हटलं. हिचेसुद्धा ओठ हलले, मी पाहिलं.

माझं नाव. एवढ्या तोंडांतून. डोळ्यांत मैदा नव्हता आज. भरून आलं, खरं सांगतो.

तरी कर्तव्य म्हणून सांगणार होतो की हे बाळाचं नाव आहे. तोंड उघडलं, तर व्याह्यांनी त्यात केक कोंबला. उघडं तोंड दिसलं की दातांच्या डॉक्टरला राहवत नाही. मग शेजाऱ्यांनी विचारलं की किती पूर्ण झाली? सांगितली. काय करणार?

यानंतर ही आत गेली आणि दुसरा केक घेऊन आली. अर्धा किलोचा. त्यावर बाळाचं नाव, हिच्या हाताने, वाकडंतिकडं. उरलेल्या जागेत गुलाब काढायला गेली होती, त्याचा कोबी झाला होता. लोक म्हणाले की वा, काय सुरेख नाव! बाळाने जांभई दिली. दोन अक्षरं. वाचायला वेळ लागत नाही, हे कबूल करतो.

३ एप्रिल
सकाळी मेहुणीचा फोन. वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायच्या राहिल्या म्हणून माफी मागत होती. थँक यू म्हटलं. व्याह्यांनी भेट पाठवली आहे. बॅटरीवर चालणारा टूथब्रश.

सूनबाई चहा घेऊन आल्या. रागावलेल्या नव्हत्या, तेच जास्त वाईट. म्हणाल्या की बाबा, मनात होतं तर एकदा सरळ बोलायचं होतं. मी म्हणालो की महिनाभर सांगतोच आहे. पाटी नाही का पुसली?

२१ एप्रिल
आज माझा खरा वाढदिवस. सकाळपासून घरात कोणी अवाक्षर काढलं नाही. जेवताना हिला विचारलं की आज तारीख किती. ही म्हणाली की यंदाचा झाला तुमचा, भात वाढू का?

संध्याकाळी सूनबाई बाळाला माझ्याकडे देऊन औषधं आणायला गेल्या. त्या कोपऱ्यावर वळल्या आणि याने भोकाड पसरलं. थोपटलं, नाचवलं, बिस्किटांच्या बरण्या दाखवल्या. त्याच्या दोन अक्षरांनी हाक मारली. उपयोग नाही. मग दुकानाबाहेर नेलं, पाटीखाली उभा राहिलो आणि पाटीवरचं नाव खड्या आवाजात वाचून दाखवलं. दुप्पट रडला. समोरचा शिंपी मशीन थांबवून बघायला लागला.

तेवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं, गुंड्या, अरे गुंड्याऽऽ.

गप्प. एकदम गप्प. ओले डोळे मोठे करून माझ्याकडे बघत राहिला. मीही बघत राहिलो. आई म्हणायची त्याच चालीत निघालं होतं, तो शेवटचा हेल तसाच. मला वाटत होतं, मी विसरलो आहे. आत्याचं खरं होतं. मग तिथेच पाटीखाली उभा राहून आणखी बऱ्याच वेळा म्हटलं. त्याच्यासाठी म्हणत होतो की स्वतःसाठी, ते सांगता येणार नाही.

वळलो तर दारात ही उभी. हसत होती.

आता सगळं घर त्याला गुंड्या म्हणतं आहे. चिरंजीव, सूनबाई, ही. कारागीर पीठ मळता मळता ओरडतो आहे. व्याह्यांनी फोनवर विचारलं की गुंड्याला दात आले का?

म्हणजे शेवटी बाळाला माझंच नाव मिळालं. परंपरा राखली.

पाटीवर लावण्यासारखं मात्र नाही.